जठराच्या बायपासनंतरचे सोळा महिने: वजनापेक्षा जळजळीचा हिशेब

माझ्या जठराच्या बायपास शस्त्रक्रियेला या महिन्यात सोळा महिने पूर्ण झाले. पहिल्या तीन महिन्यांतच अनुभव लिहून काढावा असे अनेकदा वाटले होते. परंतु त्या काळात वजनाचा काटा दर आठवड्याला खाली सरकत असतो आणि त्या आनंदात माणूस काहीही लिहून जातो, म्हणून मुद्दाम थांबले. ‘बायपास’ हा शब्द ऐकून आमच्या निम्म्या नातेवाइकांनी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली असे समजून चौकशीचे फोन केले होते, त्यामुळे सुरुवातीलाच स्पष्ट करते की वजन कमी करण्यासाठीची ही शस्त्रक्रिया जठर आणि लहान आतडे यांची आहे.

शस्त्रक्रियेच्या वेळी माझे वय ४४ वर्षे, उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन १०४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजन सांगणारा आकडा) ४१.७ होता. सहा वर्षांचा मधुमेह होता, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारे एचबीएवनसी ८.४ होते आणि गुडघे दुखत होते. मात्र मला खरे हैराण केले होते ते ॲसिडिटीने. नऊ वर्षे मी रोज सकाळी रिकाम्या पोटी पँटोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी घेत होते, तीन उशा लावून झोपत होते आणि तरीही आठवड्यातून दोन-तीनदा मध्यरात्री आंबट पाणी घशाशी येऊन ठसका लागून जागी होत असे. पहाटेच्या खोकल्याला आधी ॲलर्जी ठरवण्यात आले आणि नंतर दम्याचा पंपही देण्यात आला. तो खोकला जठरातून वर येणाऱ्या आम्लाचा असू शकतो हे कोणी सुचवलेच नाही.

पहिल्यांदा ज्या शल्यचिकित्सकांना दाखवले त्यांनी वीस मिनिटांत स्लीव्ह शस्त्रक्रिया सुचवली. तिच्यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी ठेवतात. आतड्याला हात लावावा लागत नाही, शस्त्रक्रिया तुलनेने कमी वेळात होते आणि भुकेशी संबंधित घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः ज्या भागात तयार होते तो भागच निघून जातो, हे त्यांचे सांगणे चुकीचे नव्हते. माझी तक्रार एवढीच आहे की त्यांनी ॲसिडिटीबद्दल एक प्रश्नही विचारला नाही आणि एण्डोस्कोपीची, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून करायच्या तपासणीची, गरज नाही असे सांगितले.

दुसऱ्या मतासाठी नाशिकहून मुंबईला गेले. तेथील डॉक्टरांनी दुसरे काही बोलण्यापूर्वी एण्डोस्कोपी लिहून दिली. त्यात जठराचा वरचा भाग छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यातून छातीकडे सरकल्याचे, म्हणजे हायाटस हर्निया असल्याचे दिसले, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला ‘ग्रेड बी’ची (चार पायऱ्यांतली दुसरी) सूज आढळली आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरात राहणाऱ्या जिवाणूची चाचणीही सकारात्मक आली. अहवालाच्या पाठीमागे पेनाने आकृती काढून त्यांनी समजावले की स्लीव्हमध्ये उरलेली नळी अरुंद असते आणि जठराच्या खालच्या तोंडाची झडप कायम राहते, त्यामुळे आतला दाब वाढून आम्ल वर ढकलले जाण्याचा धोका असतो. ज्याला आधीच जळजळ आहे त्याचा त्रास त्यामुळे वाढू शकतो. रू-एन-वाय बायपासमध्ये मात्र अन्ननलिकेच्या खाली साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी बनवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. या पिशवीत आम्ल फारच थोडे तयार होते, आणि उरलेल्या जठरातले आम्ल व पित्त बरेच खाली जाऊन अन्नाला मिळते, त्यामुळे ते वर येण्याचा मार्गच जवळजवळ बंद होतो. आतड्याच्या या इंग्रजी वाय अक्षरासारख्या जोडणीला सेझार रू या स्विस शल्यचिकित्सकाचे नाव आहे. लठ्ठपणासाठी जठराचा बायपास प्रथम १९६६ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी केला. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन वाढत नाही, या निरीक्षणातून त्यांना ही कल्पना सुचली होती. म्हणजे पोटाच्या दुखण्याची आणि वजनाची शस्त्रक्रिया मुळातच एकमेकींच्या शेजारी वाढल्या आहेत, आणि म्हणूनच जळजळ असणाऱ्या कोणीही एण्डोस्कोपी झाल्याशिवाय शस्त्रक्रियेचा प्रकार ठरवू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

विम्याबद्दल थोडक्यात सांगते. बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून सोबत नियमात दिलेले गंभीर आजार असतील, आणि सौम्य उपाय करूनही उपयोग झाला नसेल, तर शस्त्रक्रियेचा खर्च मागता येतो. माझ्या विमा कंपनीने या शेवटच्या अटीचे पुरावे मागितले, तेव्हा आहारतज्ज्ञांच्या जुन्या फायली कामी आल्या. असे कागद कोणीही टाकून देऊ नयेत.

शस्त्रक्रियेआधी जिवाणूसाठी चौदा दिवसांची प्रतिजैविके, झोपेची तपासणी आणि दोन आठवड्यांचा प्रथिनयुक्त पातळ आहार झाला. हा आहार वजनासाठी नसून यकृत आकसावे म्हणून असतो, कारण चरबीने फुगलेले यकृत जठरावर आडवे येते आणि दुर्बिणीतून काम करणे कठीण होते. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. पाच छोटे छेद होते, संध्याकाळी मला धरून चालवले आणि चौथ्या दिवशी घरी पाठवले. पोट फुगवण्यासाठी भरलेल्या वायूमुळे खांदा मात्र टाक्यांपेक्षा जास्त दुखला.

पहिले दोन आठवडे मुगाचे कढण, पातळ ताक आणि आमटीचे वरचे पाणी, पुढे घोटलेले वरण आणि नाचणीची आंबील, आणि तिसऱ्या महिन्यात ज्वारीची भाकरी अशा पायऱ्या होत्या. माझ्या बाबतीत भाकरी नीट उतरते, पण मऊ पोळी आजही छातीत अडकल्यासारखी होते. जेवताना पाणी प्यायचे नाही आणि नंतरही अर्धा तास थांबायचे, हा नियम मला सर्वांत जड गेला, कारण ताटाशेजारी तांब्या ठेवण्याची सवय चाळीस वर्षांची होती. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत असे सांगितले होते. वाटीभर वरणातून सहा-सात ग्रॅमच मिळतात आणि एका वेळी अर्ध्या वाटीहून जास्त खाता येत नाही, हे लक्षात घेतले तर शाकाहारी घरात हा आकडा गाठणे किती अवघड आहे ते समजेल. मी अंडी खाऊ लागले, चक्का आणि पनीर वाढवले आणि तरीही सात महिने प्रथिनांची पावडर घ्यावी लागली.

पाचव्या महिन्यात एका बारशाला आग्रहाखातर चार चमचे श्रीखंड खाल्ले आणि वीस मिनिटांत घाम, धडधड आणि पोटात कळा सुरू होऊन यजमानांच्या आतल्या खोलीत आडवे व्हावे लागले. गोड पदार्थ आतड्यात एकदम उतरल्याने होणाऱ्या या प्रकाराला डम्पिंग म्हणतात. त्याचा उशिरा येणारा प्रकार मला आषाढी एकादशीला कळला. साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर दोन तासांनी हात थरथरू लागले आणि घरच्या यंत्रावर साखर ५८ पर्यंत खाली घसरलेली दिसली. तेव्हापासून उपवासाला साबुदाणा बंद असून थोडी भगर आणि दाण्याची आमटी एवढेच खाते. सासूबाईंना हे पटायला थोडा वेळ लागला, पण आता त्याच माझी आमटी वेगळी काढून ठेवतात.

फायद्यांत सर्वांत वर मी झोप ठेवीन. पँटोप्राझोल जोडणीच्या जागी अल्सर होऊ नये म्हणून तीन महिने चालू ठेवले होते आणि नंतर थांबवले. तेव्हापासून एका उशीवर झोपते, खोकला नाही आणि दम्याचा पंप कपाटात पडून आहे. वर्षानंतरच्या एण्डोस्कोपीत अन्ननलिकेची सूज पूर्ण भरून आलेली दिसली. मधुमेहाची एक गोळी रुग्णालयातून निघतानाच बंद झाली, दुसरी चौथ्या महिन्यात, आणि वर्षअखेर एचबीएवनसी ५.९ आले. डॉक्टर याला ‘बरा झाला’ म्हणू देत नाहीत, ‘रेमिशन’, म्हणजे आजार तूर्त शांत आहे, असे म्हणायला लावतात. वजन तीन महिन्यांत ८६, सहा महिन्यांत ७७ आणि वर्षात ७१ किलोवर आले. गेले चार महिने ते तेथेच आहे.

आता दुसरी बाजू. चौथ्या महिन्यापासून केस मूठमूठ गळू लागले आणि नवव्या महिन्यापर्यंत पुन्हा उगवू लागले. हे होणार असे आधी सांगितलेले असूनही रडू आलेच. दंडावरची आणि पोटावरची कातडी सैल झाली आहे. खरा प्रश्न मात्र लोहाचा आहे. अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून जात असल्याने लोह, कॅल्शियम आणि बी-१२ नीट शोषले जात नाहीत. अकराव्या महिन्यात माझे फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा, अवघे ९ आले आणि दोनदा सलाईनमधून लोह घ्यावे लागले. चूक माझीच होती. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने घ्यायची असताना सोयीसाठी मी दोन्ही एकत्र घेत होते. या गोळ्यांना आणि इंजेक्शनांना मला महिन्याला सुमारे अडीच हजार रुपये लागतात, शिवाय रक्ततपासण्या वेगळ्या, आणि हे सारे आयुष्यभर चालणार आहे. शस्त्रक्रियेच्या खर्चाचा अंदाज देताना हा आकडा कोणी पुढे ठेवत नाही, तो ठेवायला हवा.

गेल्या महिन्यात पाय मुरगळला तेव्हा जवळच्या दवाखान्यात डायक्लोफेनॅक लिहून मिळाले. अशा वेदनाशामकांनी जोडणीच्या जागी अल्सर होऊ शकतो, म्हणून मी ते बदलून पॅरासिटामॉल घेतले. तेव्हापासून पर्समध्ये एक कार्ड ठेवते. त्यावर शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, टाळायची औषधे आणि आत राहिलेल्या मोठ्या जठरापर्यंत नेहमीची दुर्बीण पोहोचत नाही ही सूचना लिहिलेली आहे. त्याचा फोटो माझ्या पतीच्या मोबाईलमध्येही टाकला आहे, कारण कधी चक्कर येऊन पडले तर हे सगळे सांगायला मी शुद्धीवर असेनच असे नाही.