झोटेरो: बाकी सगळं ठीक, पण पटेलांचं काय करायचं?

झोटेरो हा संदर्भ सांभाळणारा प्रोग्रॅम फुकट आहे, ओपन सोर्स आहे, वर्डमध्ये संदर्भ घालतो आणि शेवटची यादी आपोआप लावून देतो, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असणार. त्यात मी शिरत नाही. लिहायला बसले ती पटेल या आडनावामुळे.

मी बडोद्यात एका खाजगी नर्सिंग कॉलेजची लायब्ररी सांभाळते. एम.एससी. नर्सिंगच्या मुली प्रबंधाच्या वेळी माझ्याकडेच ठाण मांडून असतात. प्रबंधाचा साचा सगळ्यांना माहीत आहे. निवडक शाळांतल्या किशोरवयीन मुलींना ॲनिमियाबद्दल स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम द्यायचा, आधी चाचणी, मग फ्लॅशकार्ड आणि चार्ट, मग पुन्हा चाचणी, आणि ज्ञान वाढलं म्हणून सांगायचं. पुढच्या वर्षी ॲनिमियाच्या जागी स्तनपान येतं, त्याच्या पुढच्या वर्षी मधुमेहींच्या पायांची काळजी. (ज्ञान वाढत नाही असा प्रबंध मी अजून कपाटात लावलेला नाही.) दुसरं प्रकरण म्हणजे आधीच्या अभ्यासांचा आढावा. गुजरातमधले नर्सिंगचे अभ्यास म्हटले की लेखक कोण? पटेल, परमार, मॅकवान, ख्रिश्चन, आणि पुन्हा पटेल.

प्रबंध जमा करायच्या दिवसांत एका मुलीची प्रत गाईड मॅडमकडून लाल होऊन परत आली. मजकुरात कुठे (पटेल, २०१९) असं नीट होतं, तर कुठे (पी. पटेल, २०१६), आणि एका ठिकाणी चक्क पूर्ण नाव. मॅडमनी समासात लिहिलं होतं, ‘एपीएमध्ये इनिशियल नसतं.’ (एपीए ही संदर्भ लिहायची शैली, आमचे प्रबंध तिच्यात असतात.) मुलगी रडवेली. ‘बेन, तुम्हीच शिकवलंत ना हे सॉफ्टवेअर?’ शिकवलं होतं. त्या दिवशी कोणी विचारलं असतं तर मी झोटेरोला दोन तारे दिले असते, तेही फुकट आहे म्हणून.

नंतर सावकाश बसून पाहिलं तेव्हा या लाल शेऱ्यांचे दोन ढीग झाले.

पहिल्या ढिगात झोटेरोचंच बरोबर होतं. एपीएची सातवी आवृत्ती २०१९ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. तिच्यात सरळ सांगितलंय की दोन वेगळ्या पहिल्या लेखकांचं आडनाव एकच असेल तर मजकुरात प्रत्येक वेळी आद्याक्षर लिहायचं, साल वेगळं असलं तरीही. म्हणजे पी. पटेल आणि आर. पटेल अशी दोन माणसं असली तर आद्याक्षर लागणारच. अमेरिकेत बसून हा नियम करणाऱ्यांना वाटलं असेल की असं क्वचित होतं. आमच्याकडे आढाव्याच्या पानापानावर होतं. मॅडमना नियमाचं पान दाखवलं. त्या ‘बरं’ म्हणाल्या. लाल शाई काही परत घेतली नाही.

दुसरा ढीग जास्त चीड आणणारा. तिथे लेखिका एकच आणि झोटेरोत तिच्या दोन-तीन लेखिका झालेल्या. समजा पिनल पटेल नावाच्या कोणी तीन लेख लिहिले. एका लेखाची नोंद ‘पटेल, पी.’ अशी आली, दुसऱ्याची ‘पटेल, पिनल’, तिसऱ्याची ‘पटेल, पिनल आर.’. झोटेरोच्या लेखी या तिघी वेगळ्या. मग तो इमानेइतबारे त्यांना वेगळं दाखवण्यासाठी कुठे आद्याक्षर जोडतो, कुठे नाव. नोंदी अशा वेगवेगळ्या येतात कशा? पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या नोंदींच्या मोफत साठ्यात, लेखकांची पूर्ण नावं २००२ पासूनच्या लेखांनाच मिळतात, तीही मासिकानं छापली असतील तर. त्याआधीचं सगळं आडनाव आणि आद्याक्षर. मासिकाच्या साइटवरून नोंद घेतली तर ते मासिक जे पाठवेल ते. म्हणजे काठीसारखं दिसणारं ते बटण दाबून पीएमआयडी (लेखाचा पबमेडमधला क्रमांक) किंवा डीओआय (लेखाचा कायमचा क्रमांक) टाकला की नोंद क्षणात येते खरी, पण बाहेर जे जसं पडलंय तसंच घरात येतं.

आणि हे सगळं पटेलांपुरतंच असतं तर मी गप्प बसले असते. गुजरातमध्ये मार्कशीटपासून सगळीकडे आडनाव आधी लिहितात, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. शोधगंगेवरच्या (भारतातल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) किंवा एखाद्या छोट्या मासिकाच्या नोंदीत ‘पटेल पिनल रमेशभाई’ असं नाव असलं आणि मध्ये स्वल्पविराम नसला की शेवटचा शब्द आडनाव धरला जातो. मग संदर्भयादीत ‘रमेशभाई, पी. पी.’ नावाचे विद्वान अवतरतात. हे रमेशभाई म्हणजे पिनलबेनचे वडील. नर्सिंगवर त्यांनी एक ओळ लिहिलेली नसते.

दुसरं टोक केरळचं. नर्सिंग आणि केरळ वेगळं करता येत नाही, आमच्या निम्म्या संदर्भांचे लेखक तिकडचे. त्यांच्यात आडनावाच्या जागी घराचं किंवा वडिलांच्या नावाचं एखादं अक्षर असतं. लता के. अशा नावाची नोंद कुठे ‘लता, के.’ होते, कुठे ‘के., एल.’. दुसरी नोंद वाचून ती लेखिका स्वतः तरी स्वतःला ओळखेल का, शंका आहे. त्यात लग्नानंतर आडनाव बदललेल्या. ते तर कुठलंच सॉफ्टवेअर सांगू शकत नाही.

झोटेरोकडे यावर उपाय आहे, पण हातानं करायचा. लेखकाच्या ओळीत एक बारीक चौकोन आहे, तो दाबला की दोन रकान्यांचा एक रकाना होतो आणि नाव आहे तसं राहतं. नाव आणि आडनाव उलटं पडलं असेल तर अदलाबदल करायची सोयही आहे. पण प्रत्येक नोंदीत जाऊन करा. ‘या सगळ्या पिनल एकच आहेत’ असं एकदाच सांगायची जागा नाही. संशोधकांना ओळख क्रमांक देणारं ऑर्किड २०१२ पासून आहे. तो क्रमांक लेखकाच्या नावाशी बांधायला एक रकाना असता तर अर्धं दुखणं संपलं असतं. दहा हजारांहून जास्त संदर्भशैली आहेत म्हणून मिरवतात. मला त्यातल्या दोनच लागतात. बाकीच्यांच्या बदल्यात हा एक रकाना द्या.

आता मी मुलींना एकच नियम घातलाय. नोंद घेतली की पीडीएफ उघडून पहिल्या पानावरचं नाव पाहायचं आणि रकाने तिथल्या तिथे दुरुस्त करायचे. संध्याकाळी करू म्हणायचं नाही. नियम पाळणाऱ्या मुलींचे प्रबंध या वेळी नावांवरून परत आले नाहीत. बाकीच्यांना मी लाल शाई दाखवते.

इतकी कुरकुर करून मी अजून तेच वापरते, कारण अशी दुसरी सॉफ्टवेअर पाहिली. एंडनोटची किंमत डॉलरमध्ये वाचून टॅब बंद केला. आधी आमच्या लायब्ररीत मेंडेली होतं. ते २०१३ पासून एल्सेव्हियरचं आहे आणि फाइलींसाठी २ जीबी फुकट देतं, ते खरं. पण त्यांची जुनी डेस्कटॉप आवृत्ती सप्टेंबर २०२२ पासून डाउनलोडला मिळेनाशी झाली आणि नवीकडे जा म्हणून सांगितलं. मुलींना शिकवलेलं सगळं पुन्हा शिकवायचं असेल तर मी ज्याचा मालक कोणी मोठा प्रकाशक नाही तेच शिकवीन.

पैशाचा विषय निघालाच आहे. झोटेरो फाइलींसाठी ३०० एमबी फुकट देतं. मासिकांचे लेख असतील तर एम.एससी.ला पुष्कळ. पण मी बॅचसाठी एक ग्रुप उघडला, आणि ग्रुपमधल्या फाइली ग्रुप ज्याचा त्याच्या हिशेबात धरल्या जातात. म्हणजे माझ्या. मुलींनी त्यात कॉलेजच्या स्कॅनरवर रंगीत स्कॅन केलेले जुने प्रबंध टाकले. हा स्कॅनर कोरं पानही फोटो समजून जपून ठेवतो. जागा बघता बघता भरली. २ जीबीसाठी वर्षाला २० डॉलर. मी अर्ज केला. अकाउंटवाले भाई म्हणाले, ‘बेन, जीएसटीवाळू बिल मळशे?’ मिळणार नव्हतं. अर्ज तिथेच राहिला. १९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फुकट धाडायची व्यवस्था लावली, त्या शहरात २० डॉलरसाठी जीएसटी नंबर विचारतात. असो.

सुदैवानं पैसे लागलेच नाहीत. जागा भरली तरी बंद पडतात त्या फक्त फाइली. नोंदी, टिपा, टॅग यांचं सिंक चालूच राहतं आणि त्याला मर्यादा नाही. वेबडॅव्ह लावून स्वतःच्या सर्व्हरवर फाइली ठेवता येतात, पण ते वैयक्तिक लायब्ररीपुरतं, ग्रुपला चालत नाही. मी ग्रुपमध्ये फाइली ठेवणंच बंद केलं. नोंदी ग्रुपमध्ये, पीडीएफ लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर. ज्याला हवी त्यानं पेन ड्राइव्ह घेऊन यावं. मुली नाक मुरडतात, पण येतात.

तारे वाढले ते मात्र भलत्याच गोष्टीमुळे. एका मुलीच्या यादीतला एक लेख उघडला तर वर तांबडी पट्टी: हा लेख मागे घेतला आहे. मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या माहितीशी झोटेरो २०१९ पासून जोडलेला आहे. तुमच्या संग्रहातला एखादा लेख मासिकानं मागे घेतला तर तो स्वतःहून सांगतो. वर्डमध्ये तो लेख घालायला गेलात तरी हटकतो. त्या मुलीनं आढाव्याचा एक अख्खा परिच्छेद त्या लेखावर उभा केला होता. गाईड मॅडमना कळलं नसतं, मला कळलं नसतं. हे मी पैसे देऊनही घेतलं असतं. (अकाउंटवाल्या भाईंना सांगू नका.)

दुसरी गोष्ट शैली बदलण्याची. प्रबंध एपीएमध्ये, आणि त्यातला लेख ज्या मासिकाला पाठवायचा त्याला व्हँकुव्हर, म्हणजे आकड्यांची शैली, हवी. पूर्वी या कामात मुलींचा आठवडा जायचा आणि माझी चष्म्याची काच. आता डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये शैली बदलली की कंसांचे आकडे होतात, सहा लेखकांनंतर ‘इत्यादी’ लागतं, मासिकांची नावं मेडलाइनप्रमाणे (पबमेडमागची लेखांची सूची) आखूड होतात. ‘द नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया’ हे १९१० पासूनचं मासिक, तेसुद्धा बरोबर आखडतं. आणि व्हँकुव्हरमध्ये मजकुरात नावच नसल्यामुळे पटेलांचा तंटा यादीपुरताच उरतो. नर्सिंगच्या सगळ्या कॉलेजांनी व्हँकुव्हर घ्यावी असं माझं आता मत झालंय, त्यामागे दुसरं कुठलंही शास्त्रीय कारण नाही.

बारीकसारीक गोष्टी. स्वस्त लॅपटॉपवर डब्ल्यूपीएस ऑफिस असतं, त्याच्यासाठी झोटेरोचं प्लगइन नाही. वर्ड नसेल तर लिब्रेऑफिस घ्या, तेही फुकट. मोबाइलचं ॲप वाचायला बरं, अँड्रॉइडवाल्यांना ते आयफोनवाल्यांनंतर मिळालं. पण मोबाइलवरून प्रबंधात संदर्भ घालता येत नाहीत, त्यामुळे हॉस्टेलच्या खाटेवरून प्रबंध लिहिणाऱ्यांची निराशा होईल. शेवटच्या यादीत हातानं दुरुस्ती करू नका, पुढच्या रिफ्रेशला ती पुसली जाते. दुरुस्ती झोटेरोतल्या नोंदीत करा. गाईडला अंतिम प्रत देताना मात्र मूळ फाइलची कॉपी करून तिच्यातले संदर्भ अनलिंक करा, म्हणजे झोटेरोपासून तोडा. आरोग्यशिक्षणाच्या गुजराती पुस्तिकांचा संदर्भ द्यायचा तर मूळ लिपी, रोमन अक्षरं आणि इंग्रजी अर्थ यांना वेगळे रकाने नाहीत, सगळं शीर्षकातच कोंबावं लागतं.

पूर्ण लेख मिळण्याचं गाऱ्हाणं झोटेरोवर घालू नये. त्यात मोफत लेख शोधायची सोय आहे आणि ती पबमेड सेंट्रलसारख्या ठिकाणचे लेख बऱ्यापैकी आणून देते. जे पैशाच्या भिंतीआड आहे ते तो कुठून आणणार? मासिकांची एकत्र वर्गणी भरणाऱ्या केंद्राच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० मासिकं, आणि कारभार इथून दोन-अडीच तासांवर गांधीनगरला, इन्फ्लिबनेटकडे. पण योजना सरकारी संस्थांसाठी. आमचं कॉलेज खाजगी. आमच्या मुली त्याच वॉर्डमध्ये ड्युटी करतात, त्याच पेशंटांना आरोग्यशिक्षण देतात, आणि लेखासाठी सरकारी कॉलेजातल्या मैत्रिणीला व्हॉट्सॲप करतात.

तर तारे चार. एम.एससी.वाल्यांनी ३०० एमबीत भागवावं, स्कॅन करताना काळा-पांढरा पर्याय निवडावा. पीएच.डी.वाल्यांनी २० डॉलर स्वतःच्या खिशातून भरावेत, ऑफिसकडे अर्ज करत बसू नये. आणि ज्यांचं आडनाव पटेल आहे त्यांनी पहिल्या लेखापासून नाव एकाच पद्धतीनं छापावं आणि ऑर्किड काढून ठेवावा. त्याला पैसे पडत नाहीत.