केएमसॅन आठ महिने वापरल्यावर: गार्बेज व्हॅल्यूचा पंचनामा

बोर्ड शंभरदा चालू केला की नव्व्याण्णव वेळा नेटवर्क व्यवस्थित यायचं आणि एखाद्या वेळी लिंकच यायची नाही. कधी यायची, पण भलत्याच स्पीडवर. संशय आला म्हणून ड्रायव्हरमध्ये एक प्रिंटके (कर्नलमधून संदेश छापणारी ओळ) टाकला, तर बग गायब. प्रिंटके काढला, दोन दिवसांनी पुन्हा हजर. कर्नलमध्ये हात काळे केलेल्यांच्या तोंडून एव्हाना 'अनइनिशियलाइज्ड असणार' निघालं असेल, म्हणजे किंमत न भरताच एखादं व्हेरिएबल वाचलं जातंय. आम्हाला ते कळायला अडीच आठवडे लागले, कारण तेवढे दिवस आम्ही हार्डवेअरवाल्यांशी भांडत होतो. त्यांची मी नंतर माफी मागितली, चहाही पाजला.

त्या बगपायी केएमसॅन हातात घेतला, तो आजतागायत खाली ठेवलेला नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितोय. लिनक्स कर्नलचं सी वाचता येतं, पण हे हत्यार कधी चालवलं नाही, अशांसाठी.

केएमसॅन म्हणजे कर्नल मेमरी सॅनिटायझर. गूगलच्या मंडळींनी लिहिलेला, बरीच वर्षं मुख्य कर्नलच्या बाहेर राहिलेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ कर्नलपासून आत असलेला. कल्पना साधी आहे. कर्नलच्या मेमरीतल्या प्रत्येक बाइटमागे एक सावली-बाइट ठेवायचा. मूळ बाइटमधल्या ज्या बिटमध्ये अजून कोणी काही लिहिलेलं नाही, त्याची खूण सावलीत राहते. शिवाय दर चार बाइटमागे आणखी चार बाइट ठेवलेले असतात, ही जागा जन्मली कुठे याच्या नोंदीसाठी. म्हणजे मूळ मेमरी एक आणि तिच्या मागे दोन पट जास्तीची. आठ जीबीच्या मशीनवर याची मजा येत नाही हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या टेबलावरचं मशीन पहिल्या आठवड्यात दोनदा मेमरी संपून पडलं. मग रॅम वाढवण्याची रिक्वेस्ट टाकली. ती मंजूर व्हायला लागलेला वेळ या रिव्ह्यूत धरत नाही.

कर्नलची बांधणी क्लँग या कंपायलरनेच करावी लागते, जीसीसी चालत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की तो एक्स८६-६४ वर (पीसीतला नेहमीचा प्रोसेसर) आणि पुढे आयबीएमच्या एस३९० वर चालतो. आमचा बोर्ड आर्मचा. बहुतेक एम्बेडेड लोक इथेच पान उलटतात. मीही उलटलं असतं, पण आमचा नेटवर्क चिप यूएसबीवर बसलेला होता. यूएसबी ड्रायव्हरला खाली प्रोसेसर कोणता आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. तोच ड्रायव्हर एक्स८६ कर्नलमध्ये घातला, तो कर्नल क्यूएमू या एम्युलेटरमध्ये चालवला आणि यूएसबी डोंगल आत सोपवला.

पहिले तीन दिवस काहीच नाही. मशीन संथ, बूट व्हायला इतका वेळ की एक फेरी मारून यावं, आणि रिपोर्ट शून्य. इथे मला उशिरा सुचलेली गोष्ट तुम्ही आधीच लक्षात ठेवा: केएमसॅनला जो रस्ता चालवला जातो तोच दिसतो. आमचा बग शंभरात एकदा घडणाऱ्या रस्त्यावर होता, आणि टेबलावरचा डोंगल गुणी बाळासारखा दर वेळी नीट उत्तर देत होता. मग कर्नलमधल्या रॉ गॅजेटचा आधार घेतला आणि मुद्दाम वात्रट वागणारं खोटं यूएसबी उपकरण सॉफ्टवेअरमध्ये उभं केलं. दोन बाइट मागितले की ते एकच द्यायचं. पहिल्याच प्रयत्नात कन्सोलवर 'अनइनिट-व्हॅल्यू'ची ओळ उमटली. त्या संध्याकाळी मी ऑफिसातून जरा उशिराच निघालो.

रिपोर्ट वाचायला शिकणं हा निम्मा खेळ आहे. पोलिसी पंचनाम्यासारखी त्याची रचना असते. वर ती व्हॅल्यू वापरली कुठे, मध्ये ती कुठून कुठे नेऊन ठेवली आणि तळाशी ती लोकल व्हेरिएबल कोणत्या फंक्शनमध्ये जन्मली किंवा ती मेमरी कुठे अलोकेट झाली. नवखा माणूस वरची ओळ पाहून तिथेच दुरुस्ती करायला धावतो. मी आता तळापासून वाचतो. आणखी एक, नुसती कॉपी केल्याबद्दल केएमसॅन तक्रार करत नाही. कचरा इकडून तिकडे हलवला तर सावलीही सोबत हलते, बस्स. तो बोलतो ते त्या कचऱ्यावर 'इफ' लावला, तो पॉइंटर म्हणून वापरला, यूजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामना) दिला किंवा यूएसबीवरून बाहेर पाठवला तेव्हा. कॉन्फिगमध्ये एक पर्याय असतो. तो चालू असेल तर फंक्शनला व्हॅल्यू देताना-घेतानाही तो तपासतो. तो चालूच ठेवा, रिपोर्ट मुळाच्या बराच जवळ येतो.

आमचा बग असा होता. चिपचा दोन बाइटांचा रजिस्टर वाचायला यूएसबीनेटचं रीड-कमांड फंक्शन वापरलं होतं, आणि स्टॅकवरच्या (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतल्या) एका सोळा-बिटी व्हेरिएबलचा पत्ता त्याला दिला होता. ते फंक्शन आतल्या बफरमधून जितके बाइट खरंच आले तितकेच आपल्या व्हेरिएबलमध्ये उतरवतं आणि तो आकडा परत करतं. आमचा कोड फक्त 'उत्तर ऋण आहे का', म्हणजे एरर आला का, एवढंच पाहत होता. एक बाइट आला तर उत्तर एक, म्हणजे ऋण नाही, म्हणजे सगळं आलबेल! अर्धी व्हॅल्यू खरी आणि अर्धी आधीच्या कुठल्यातरी फंक्शनने स्टॅकवर सोडलेली उष्टी. प्रिंटकेने बग का पळायचा याचंही उत्तर यातच होतं: प्रिंटके स्टॅकवरचं उष्टं बदलत होता.

कंपायलरने आधीच का नाही सांगितलं, हा प्रश्न टीममधल्या प्रत्येकाने विचारला. व्हेरिएबलचा पत्ता एकदा दुसऱ्या फाइलमधल्या फंक्शनला दिला की कंपायलर समजतो, ते फंक्शन भरेल, आणि गप्प बसतो. त्यात जीसीसीची 'मेबी-अनइनिशियलाइज्ड' ही वॉर्निंग नेहमीच्या बिल्डमध्ये बंदच असते. २०२० च्या मे महिन्यात जीसीसी १० च्या खोट्या इशाऱ्यांना वैतागून लिनस टोरवाल्ड्सनी ती मागच्या बाकावर पाठवली. हवी असेल तर बिल्डला 'W=2' असं सांगून मागवावी लागते. मी मागवून पाहिली आणि आलेला ढीग बघून निमूटपणे परत केली. क्लँगच्या वॉर्निंग जास्त कामाच्या निघाल्या. स्मॅच हे स्टॅटिक तपासणीचं साधनही मी जोडीला ठेवलंय. न चाललेल्या रस्त्यांवर ते बोट ठेवतं, आणि नेमकं तेच केएमसॅनला जमत नाही. 'स्विच'मध्ये डिफॉल्ट नाही, लूप एकदाही फिरला नाही तर एरर कोड कोराच परत जातो, असली प्रकरणं स्मॅचने पकडली.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं टंकतोय. बग सापडल्यावर मी तो 'दुरुस्त' केला दीड मिनिटात. व्हेरिएबलपुढे 'बरोबर शून्य' (= 0) लिहिलं, केएमसॅन शांत झाला, पॅच पाठवला. आमच्या टीममध्ये एक सीनियर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी एकच ओळ लिहून पॅच परत पाठवला: 'या रजिस्टरमध्ये शून्याचा अर्थ काय होतो ते बघ.'

बघितलं. तो रजिस्टर इथरनेट पीएचवायचा (तारेशी प्रत्यक्ष बोलणाऱ्या भागाचा) बेसिक कंट्रोल रजिस्टर. त्यात बिट १२ म्हणजे ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी आपसात स्पीड ठरवणं) चालू, बिट १३ म्हणजे १०० एमबीपीएस, बिट ८ म्हणजे फुल डुप्लेक्स. सगळेच शून्य असतील तर? ऑटो-निगोशिएशन बंद, १० एमबीपीएस, हाफ डुप्लेक्स. चक्क वैध सेटिंग. माझा पॅच लागला असता तर कधीमधी दिसणारा बग कायमचा झाला असता आणि वर तो बग आहे हेच कोणाला कळलं नसतं. नेटवर्क 'चालतंय, पण स्लो आहे' अशा तक्रारी वर्षभर आल्या असत्या.

खरी दुरुस्ती होती परत आलेले बाइट मोजण्याची. मागितले त्याहून कमी आले तर 'डेटा नाही' हा एरर परत करायचा आणि वरच्या फंक्शनने तो एरर गिळायचा नाही. एएसआयएक्सच्या यूएसबी इथरनेट ड्रायव्हरमध्ये हाच बग होता आणि तिथेही तो असाच सोडवला गेला, हे मागाहून कळलं. दोन ओळींचा बदल, पण एरर वर नेताना चार फंक्शनची सिग्नेचर बदलावी लागली. त्यातलं एक फंक्शन 'व्हॉइड' होतं, म्हणजे त्याला तक्रार करायची सोयच ठेवलेली नव्हती.

आणखी एक तोटा काकांनी नंतर चहाच्या टपरीवर सांगितला. घोषित करतानाच शून्य टाकलं की उद्या कोणी नवा रस्ता जोडून व्हॅल्यू द्यायला विसरलं, तर कंपायलर, स्मॅच आणि केएमसॅन हे तिघेही गप्प बसणार. कर्नलमध्ये पूर्वी 'अनइनिशियलाइज्ड-व्हार' नावाचा मॅक्रो होता. तो व्हेरिएबलला त्याचीच व्हॅल्यू देऊन कंपायलरचं तोंड बंद करायचा. २०२० मध्ये केस कुक यांनी तो सगळीकडून काढून टाकला, कारण त्याच्याआड खरे बग लपत होते. माझं 'बरोबर शून्य' त्याच घराण्यातलं होतं. जिथे शून्याला खरोखर 'काही नाही' असा अर्थ आहे तिथे मी ते आजही बिनदिक्कत लिहितो. 'क्लीनअप' हेडरमधलं आपोआप मोकळं करणारं फ्री वापरताना तर पॉइंटरला घोषित करतानाच नल किंवा खरी किंमत दिलीच पाहिजे, नाहीतर मधूनच रिटर्न झालं की केफ्री (मेमरी मोकळी करणारं फंक्शन) कचऱ्यावर चालून जातं.

मग विचारणारे विचारतातच: नव्या कर्नलमध्ये सगळे स्टॅक व्हेरिएबल आपोआप शून्य होतात ना? होतात. ५.१५ पासून कंपायलरला येत असेल तर तोच डीफॉल्ट आहे. जीसीसीला ते १२ पासून येतं. आमच्या बोर्डचा कर्नल ५.१० आणि कंपायलर त्याहून म्हातारा, त्यामुळे तिथे कचरा. डेव्हलपमेंट मशीनवरचा कर्नल नवा, तिथे शून्य. म्हणूनच एकच बग एका ठिकाणी 'लिंक नाही' आणि दुसऱ्या ठिकाणी 'स्लो' दिसायचा. उत्पादनासाठी शून्य भरणं उत्तमच, माहितीची गळती थांबते. मात्र बग शोधताना ते बंद ठेवा. केएमसॅन चालू केला की कॉन्फिग हे पर्याय देतच नाही.

आर्मवर केएमसॅन नसल्याचं दुःख मी पॅटर्नवर भागवतो. शून्याऐवजी ठरावीक नक्षी भरायचा पर्याय आहे. क्लँग ६४-बिटवर प्रत्येक बाइट हेक्समधल्या एए ने भरतो. आमच्या रजिस्टरमध्ये एएएए म्हणजे बिट १५ आणि बिट ११ दोन्ही लागलेले, अर्थात रीसेट आणि पॉवर डाउन. खोटं उपकरण जोडून आर्मवर चालवलं तर पीएचवाय झोपूनच गेला. इतका ढळढळीत बग पाहून बरं वाटलं.

दुसरा मोठा फायदा झाला तो माहितीच्या गळतीबाबत, आणि तो ध्यानीमनी नसताना झाला. आमच्या एका आयऑक्टलच्या (प्रोग्रामने ड्रायव्हरशी थेट बोलायची सोय) स्ट्रक्टमध्ये आठ-बिटी फील्डच्या मागे बत्तीस-बिटी फील्ड होतं. मध्ये तीन बाइटांची फट. सगळी फील्ड व्यवस्थित भरलेली, तरी केएमसॅनने 'कर्नल-इन्फोलीक' म्हणून कळवलं, आणि कितवे बाइट कोरे आहेत तेही सांगितलं. त्या फटीतून स्टॅकचा तुकडा यूजरस्पेसला जात होता. तीन बाइटांनी काय होतं, असं म्हणणाऱ्यांना मी २०२० च्या ब्लूटूथमधल्या 'बॅडचॉइस' या सुरक्षा-त्रुटीची आठवण देतो, सीव्हीई-२०२०-१२३५२. उत्तराच्या स्ट्रक्टमधली सगळी फील्ड न भरल्यामुळे रेंजमधल्या कोणालाही, पेअरिंग न करता, कर्नल स्टॅकमधले बाइट मिळत होते. अशा जागी मी आता सरळ मेमसेट लिहितो, म्हणजे सगळी जागा फटींसकट शून्याने भरतो. घोषित करताना महिरपी कंसात शून्य लिहिलं की फटीही भरतात, या भरवशावर राहू नका. जीसीसी १५ ने तर युनियनच्या बाबतीत जुनी सवय मोडली आहे: पहिलं फील्ड शून्य होईल, उरलेल्या जागेची हमी नाही.

तक्रारीही आहेत. इनलाइन असेम्ब्लीत त्याची नजर कमी पडते, तिथे तो सावधपणे 'भरलं असेल' असं धरून चालतो. केएसॅनसोबत (चुकीच्या पत्त्यावरची मेमरी वापरणं पकडणारा दुसरा सॅनिटायझर) एकाच बिल्डमध्ये तो नांदत नाही, त्यामुळे दोन बिल्ड सांभाळायच्या. यूएसबीवरून येणारा बफर तो पूर्ण भरलेला मानतो, उपकरणाने कमी बाइट दिले तरी. आमचा बग सापडला तो यूएसबीनेट मध्ये वेगळी कॉपी करतं म्हणून. थेट बफर वाचणाऱ्या ड्रायव्हरमध्ये हाच बग त्याच्या नाकाखालून निसटला असता. आणि 'अनपॉइझन' नावाची पळवाट आहे, एका ओळीत रिपोर्ट गप्प करणारी. आमच्या सोर्स ट्रीत ती दोनदा घुसली आणि दोन्ही वेळा काकांनी उपटून काढली.

आठ महिन्यांनंतर माझी घडी अशी बसली आहे: रोज क्लँग आणि स्मॅच, रात्री खोट्या उपकरणासह केएमसॅन, आर्मवर पॅटर्न. एक्स८६ वर चालवता येईल असा ड्रायव्हर असेल आणि मशीनला भरपूर रॅम असेल तर डोळे झाकून केएमसॅन घ्या. फक्त आर्मच्या आतल्या ब्लॉकशी बोलणारा ड्रायव्हर असेल तर पॅटर्नपासून सुरुवात करा, बराच पल्ला गाठता येतो.

परवा रात्रीच्या फेरीत नवा रिपोर्ट आलाय. या वेळी कोरी व्हॅल्यू आमच्या ड्रायव्हरमध्ये नाही, चिपवाल्यांनी दिलेल्या कोडमध्ये जन्मलेली आहे, सहा फंक्शन खोल. काकांनी विचारलं, 'शून्याचा अर्थ पाहिलास का?' पाहतोय. डेटाशीटचं ते पान 'आरक्षित' म्हणून कोरं सोडलेलं आहे.