शनिवार-रविवार कुणासोबत? परदेशात राहणाऱ्यांसाठी छोट्या भेटी आणि दोन दिवसांच्या सहलींची तुलना

नोकरी किंवा शिक्षणासाठी परदेशात गेलेल्या माणसाला वर्षाला 52 वीकेंड मिळतात, पण ते कागदावर. त्यातले बरेचसे धुण्याभांड्यांत, आठवड्याच्या खरेदीत, घरच्यांशी बोलण्यात आणि नुसतं लोळण्यात जातात. उरलेल्यांचं काय करायचं यावर नवख्याला दोन टोकांचे सल्ले मिळतात. एकजण म्हणतो, "परत कधी येणार आहेस? आहेस तोवर फिरून घे." दुसरा म्हणतो, "आधी चार माणसं जोड, डोंगर कुठे पळून जात नाहीत."

माझं झुकतं माप दुसऱ्या सल्ल्याला आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. पहिल्या काही महिन्यांत पुन्हापुन्हा होणाऱ्या छोट्या भेटी धराव्यात, आणि मुक्कामाच्या सहलीला त्या भेटींत सापडलेल्या माणसांबरोबर जावं. याला अपवाद आहेत, तेही पुढे येतीलच.

तासांचा हिशोब

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी मैत्री जमायला किती वेळ लागतो याचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात नुकतंच राहतं ठिकाण बदललेली प्रौढ माणसंही होती, त्यामुळे आपल्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण 50 तास, खरी मैत्री व्हायला 90 आणि जिवलग म्हणण्याइतकं जवळ यायला 200 हून अधिक तास लागतात, असा त्यांचा अंदाज निघाला. ऑफिसात शेजारीशेजारी काम करत घालवलेले तास त्या मानाने फारसे कामी येत नाहीत, हेही त्यात दिसलं.

आता हाच हिशोब दोन पर्यायांना लावून बघा. दर गुरुवारी तीन तासांची भेट धरली तर 50 तास भरायला सतरा आठवडे, म्हणजे चार महिने लागतात. शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परतणाऱ्या सहलीत झोप वगळून तीसेक तास एका दमात मिळतात. आकड्यांवरून सहलच जिंकायला हवी, पण ते तीस तास किती जणांत वाटले जातात तेही बघायला हवं. चाळीस माणसांच्या बसमध्ये तुमच्या वाट्याला शेजारच्या सीटवरचा माणूस येतो आणि जेवणाच्या टेबलावर आणखी दोघं-तिघं. सोमवारी ग्रुपवर दोनशे फोटो येतात, लाइकचे अंगठे पडतात आणि पुढच्या भेटीची तारीख कुणाकडेच नसते. गुरुवारच्या भेटीला कुणी तारीख ठरवावी लागत नाही.

पाचजण, एक गाडी आणि एकच स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर अशी सहल असेल तर गोष्ट वेगळी. तिथे दोन दिवसांत कोण पहाटे उठून आवराआवर करतं, कोण रस्ता चुकल्यावर घुम्यासारखं बसतं आणि कोण हिशोबाच्या वेळी नेमकं बाथरूममध्ये असतं, हे सगळं उघड होतं. मैत्री पक्की होण्याचा (किंवा कायमची मिटण्याचा) यापेक्षा जलद मार्ग मला माहीत नाही. मात्र अशा सहलीतून मधेच निघता येत नाही. संध्याकाळच्या भेटीत न पटलेल्या माणसापासून तासाभरात "उद्या लवकर उठायचंय" म्हणून सुटता येतं. दुसऱ्याच्या गाडीतून डोंगरात गेल्यावर ती सोय नसते. म्हणून अनोळखी माणसांबरोबर आधी संध्याकाळ, मग एक दिवस आणि मग मुक्काम, हाच क्रम बरा.

छोट्या भेटींच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास 1955 मध्ये मांडला. सहा महिन्यांहून कमी राहिलेले आणि दीड वर्षाहून अधिक राहिलेले लोक त्यात बरे रुळलेले दिसले, मधल्या काळातले कमी. प्रत्येकाचा आलेख असाच जातो असं नाही, नंतरच्या संशोधनानेही ते दाखवलंय. पण नव्याची नवलाई ओसरल्यावर येणारी मरगळ बहुतेकांच्या परिचयाची असते. त्या दिवसांत सहल आखण्याचाच उत्साह नसतो. तेव्हा कुणीतरी "आज येतोयस ना?" एवढं विचारणारा बांधलेला वार असेल तर फार फरक पडतो, आणि तो वार मरगळ येण्याआधीच बांधून ठेवावा लागतो.

तीन गोतावळे

स्टीफन बॉकनर आणि सहकाऱ्यांनी 1977 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीची एक उपयोगी विभागणी केली. आपल्या देशाची माणसं आपली संस्कृती जपायला आणि मन मोकळं करायला, स्थानिक माणसं अभ्यास आणि नोकरीतली कामं मार्गी लागायला, आणि इतर देशांतून आलेले परदेशी मौजमजेला. मला ही विभागणी आजही पटते, कारण आपण बऱ्याचदा चुकीच्या गोतावळ्याकडून चुकीची अपेक्षा करतो.

आपल्या भाषेच्या मंडळात शिरणं सर्वांत सोपं. विनोद समजावून सांगावे लागत नाहीत, घर शोधण्यापासून डॉक्टरपर्यंतची माहिती एका संध्याकाळी मिळते, कुटुंबकबिल्यासह जाता येतं. अडचण पुढे येते. एकदा आत गेलात की आमंत्रणांची रांग लागते, नाही म्हटलं तर राग येतो, आणि बघताबघता वर्षभराचे शनिवार बुक. शिवाय कुणाची नोकरी गेली, कुणाचं जोडीदाराशी बिनसलं, हे तुमच्याआधी मंडळाला कळतं. महिन्यातून एकदा असं प्रमाण ठेवलं तर हा गोतावळा फार मोलाचा आहे.

मिश्र परदेशी गटांत सर्वाधिक पर्याय आहेत आणि सर्वाधिक फसगतही. म्युनिकमध्ये 2007 साली सुरू झालेलं इंटरनेशन्स हे नेटवर्क खास परदेशी राहणाऱ्यांसाठी चारशेहून अधिक शहरांत भेटी घडवतं. न्यूयॉर्कमध्ये 2002 साली सुरू झालेल्या मीटअप या संकेतस्थळावर कुणीही गट काढू शकतं. यांच्या मोठ्या संध्याकाळी गेलात तर तयारी ठेवा: कुठून आलात, काय करता, किती दिवस झाले, हे तीन प्रश्न रात्रभर फिरत असतात. अशा कार्यक्रमांत मैत्री शोधू नये, आपल्या आवडीचा उपगट कोणता आणि तो चालवतं कोण एवढं बघून घ्यावं. मीटअपवर गट निवडताना सदस्यसंख्येवर जाऊ नका. हजारो सदस्यांच्या गटाच्या भेटीला आठजण येतात. गेल्या तीन महिन्यांत भेटी नियमित झाल्या का आणि आयोजक तोच आहे का, हे तपासा. प्रत्येक 'भेट' ही पैसे भरून जायची सहलच असेल तर तो गट म्हणजे ट्रॅव्हल कंपनी आहे. त्यात वाईट काही नाही, पण मग सेवेची अपेक्षा करा, मैत्रीची नको.

याहून मला कृती असलेले गट आवडतात. त्यातला एक तर परदेशी राहणाऱ्यांनीच जन्माला घातला. 1938 मध्ये क्वालालंपूरमध्ये तिथल्या ब्रिटिश मंडळींनी हॅश हाउस हॅरिअर्स हा पळण्याचा क्लब काढला, आता त्याच्या शाखा जगभर आहेत. एकदोघं 'ससे' पुढे जाऊन पिठाच्या किंवा खडूच्या खुणा करतात, मुद्दाम चकवे ठेवतात, आणि बाकीचे माग काढत पळतात. चकव्यांमुळे वेगाने पळणारे उलटे फिरतात आणि रमतगमत येणारे त्यांना गाठतात, त्यामुळे गट फुटत नाही. खेळाची ही रचनाच ओळखी करून देणारी आहे. मात्र पळून झाल्यावर बऱ्याच ठिकाणी बिअर आणि चावट गाणी असतात. ते चालणार नसेल तर शहरात कौटुंबिक हॅश आहे का ते आधी विचारा.

याच्या अगदी उलट स्वभावाचं पार्करन. 2004 मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये तेरा धावकांनी सुरू झालेली ही 5 किलोमीटरची साप्ताहिक धाव आता वीसहून अधिक देशांत होते, सहसा शनिवारी सकाळी. शुल्क नाही, चाललात तरी चालतं, आणि एकदा नोंदणी करून मिळालेला बारकोड कुठल्याही देशात वापरता येतो. देश बदलत राहणाऱ्यांना ही मोठीच सोय. माझा सल्ला असा की तिथे पळण्यापेक्षा स्वयंसेवक म्हणून जा. पळणारा माणूस पळून घरी जातो. बारकोड स्कॅन करणाऱ्याला मात्र हातात काम असतं, बोलायला निमित्त असतं, आणि पुढच्या शनिवारी त्याची वाट बघितली जाते. भिडस्त माणसासाठी याहून सोपी युक्ती नाही.

मिश्र गटांचा एक दोष काही केल्या जात नाही: माणसं निघून जातात. कंत्राट संपतं, बदली होते, पदवी मिळते. दोन वर्षांत अख्खा गट बदललेला दिसू शकतो. तुम्ही स्वतः वर्षभरासाठीच आला असाल तर हा दोष तुम्हाला लागू नाही, सगळे एकाच नावेत. पण दहा वर्षं राहायचं असेल तर दरवर्षी निरोप देऊन माणूस थकतो.

म्हणून लांब मुक्काम असेल तर स्थानिकांच्या गटाला पर्याय नाही, आणि सुरुवात सर्वांत अवघडही तिथेच होते. त्यांचे मित्र शाळेपासूनचे असतात, तुमच्यासाठी जागा रिकामी ठेवून कुणी बसलेलं नसतं. त्यात भाषा. समोरासमोर एकाशी बोलताना निभावून नेता येतं, पण आठजण भरधाव आपल्या भाषेत सुटले की आपल्या हाती हसणं तेवढं राहतं. यावर डोंगरवाटांचे क्लब हा मला सापडलेला सर्वांत चांगला उपाय. अरुंद वाटेवर दोघं-दोघंच चालू शकतात, जोड्या वाटेत बदलतात, धापा टाकताना शांत राहिलं तरी कुणाला खटकत नाही, आणि व्याकरण चुकलं तरी पुढच्या वळणापर्यंत विसरलं जातं. जर्मनीचा अल्पाइन क्लब 1869 पासून चालू आहे, इतर अनेक देशांतही असे जुने गिर्यारोहण संघ आहेत. त्यांच्या दिवसभराच्या भटकंतीपासून सुरुवात करावी. समूहगान, नाटक, टेबल टेनिस हेही चालेल. अट एकच, ठरलेल्या वारी जावं लागलं पाहिजे. पाच गटांत नाव घालून कुठेच नियमित न जाणं म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या.

एकटा जीव सदाशिव

हाच तो अपवाद. अगदी पहिल्या महिन्यात कुणाची वाट न बघता एकट्याने एका दिवसाच्या सहली कराव्यात. तिकीट कसं काढायचं, शेवटची गाडी किती वाजता सुटते, हे स्वतः शिकलेला माणूस नंतर गटात ओझं होत नाही. मुक्काम करायचा तर हॉस्टेल बघा. रिचर्ड शिरमान या शिक्षकाने 1912 मध्ये जर्मनीतल्या आल्टेना किल्ल्यात पहिलं कायमचं युथ हॉस्टेल उघडलं, तेव्हापासून सामाईक झोपायची खोली आणि बसायउठायच्या सामाईक जागा हीच त्याची खरी ओळख. हॉटेलच्या खोलीत संध्याकाळी एकटं वाटतं, हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात सहसा वाटत नाही. टूर कंपनीबरोबर एकटे जाणार असाल तर जाहिरातीतला दर बहुधा दोघांत एक खोली धरून असतो, एकट्याला वर पैसे भरावे लागतात.

सहलीच्या आधी कागद

छोट्या भेटीला पासपोर्ट लागत नाही, सीमेपलीकडच्या सहलीला लागतो. युरोपातल्या शेंगेन या सामाईक प्रवास क्षेत्रातल्या 29 देशांपैकी एकाचा वैध निवास परवाना असेल तर बाकीच्या शेंगेन देशांत कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय फिरता येतं. सौदी अरेबियात राहणाऱ्या परदेशी कामगाराला बाहेर जाऊन परतायचं तर एक्झिट री-एंट्री व्हिसा आधी काढावा लागतो. तुमच्या गटात चार देशांचे पासपोर्ट असतील तर चौघांचे नियम वेगळे असणार, त्यामुळे "मला लागला नाही" या मित्राच्या शब्दावर जाऊ नये. परवान्याचं नूतनीकरण चालू असेल तर लेखी खात्री झाल्याशिवाय सीमा ओलांडूच नका.

गाडीचंही तसंच. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना पाहुण्यांसाठी असतो. रहिवासी झाल्यावर अनेक देशांत ठरावीक मुदतीनंतर स्थानिक परवाना घ्यावाच लागतो. भाड्याच्या गाडीच्या करारात ज्याचं नाव नाही त्याने स्टिअरिंगला हात लावला तर विमा हात वर करू शकतो.

आणि पैसे. टीटीएमएम की शेवटी एकत्र हिशोब, हे निघण्याआधी ठरवा. गटात एकजण विद्यार्थी आणि दुसरा गलेलठ्ठ पगाराचा असेल तर राहायची जागा विद्यार्थ्याच्या खिशाला झेपणारी निवडावी, नाहीतर तो पुढच्या वेळी काहीतरी कारण सांगून येणार नाही आणि खरं कारण कुणाला कळणारही नाही.

कुणी काय निवडावं

वर्षभराच्या कंत्राटावर आलेल्या एकट्या माणसाने मिश्र गट धरावा आणि तिसऱ्या महिन्यापासून मनसोक्त सहली कराव्यात. त्याच्याकडे खरोखरच वेळ कमी आहे. मुलं असतील तर मुक्कामाच्या सहली आपोआप कमी होतात, आणि मुलांच्या खेळाच्या मैदानाबाहेर दर आठवड्याला उभे राहणारे इतर पालक हाच तुमचा गट होतो. त्यासाठी वेगळं काही शोधायची गरज नसते.

सर्वांत वेगळा विचार करावा लागतो तो जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या आणि नोकरी नसलेल्या माणसाचा. कमावणारा आठवडाभर माणसांत असतो, त्याला शनिवारी शांतता हवी असते. घरी असलेला आठवडाभर भिंतींशी बोललेला असतो, त्याला माणसं हवी असतात. मग दोघांचा वीकेंड भांडणात जातो. अशा वेळी वीकेंडची सहल हे उत्तर नव्हे. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी भरणारा भाषेचा वर्ग, ग्रंथालयातला गप्पांचा गट किंवा स्वयंसेवी काम आधी शोधावं. तेही जोडीदाराच्या ओळखीतून नको, स्वतःच्या नावावर. तिथे दोन-चार माणसं जमली की शनिवारी घरी कुणाला बोलवायचं हे ठरवायची पाळी पहिल्यांदाच त्या व्यक्तीची असते.