प्रकल्पाची सामाईक माहिती-प्रणाली: आतली शिस्त उत्तम, डाउनलोड मात्र धोक्याचे

बहुमजली इमारतीच्या कामावर पायाच्या खोदाईपासून वापरात असलेल्या आमच्या सीडीईच्या (सर्व ड्रॉइंग व कागदपत्रे एकाच ठिकाणी ठेवणाऱ्या ऑनलाइन सामाईक माहिती-प्रणालीच्या) वार्षिक वर्गणीचे नूतनीकरण जवळ आले आहे. ते करावे की नाही, हा प्रश्न एका स्लॅबमधील ओपनिंगमुळे ऐरणीवर आला. शौचालयाच्या डक्टचे ओपनिंग ड्रॉइंगच्या पी०४ रिव्हिजनमध्ये, म्हणजे पी०३ नंतरच्या सुधारित आवृत्तीत, ३०० मिमी सरकवलेले होते आणि ते ड्रॉइंग वेळेत ‘शेअर्ड’ अवस्थेत, म्हणजे इतरांसाठी खुले, आलेही होते. तरीही शटरिंगवरचा ओपनिंगचा बॉक्स पी०३ प्रमाणे बसला आणि त्यावर काँक्रीट झाले. त्यानंतर स्लॅब फोडणे, कापाव्या लागलेल्या सळयांसाठी स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून नवा तपशील घेणे आणि जुने ओपनिंग बुजवणे हे सगळे ओघाने आलेच.

हे घडले ते फाइलच्या नावामुळे. बांधकामाच्या माहिती-व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या आयएसओ १९६५० चे पहिले दोन भाग २०१८ मध्ये आले आणि त्यांनी बीएस ११९२ व पास ११९२-२ या ब्रिटिश मानकांची जागा घेतली. या पद्धतीत फाइलच्या नावात प्रकल्प, संस्था, मजला, शाखा (वास्तुरचना, स्ट्रक्चर वगैरे), क्रमांक असे घटक येतात. रिव्हिजन आणि स्टेटस (फाइल कशासाठी वापरायची याचा संकेत) मात्र नावात न ठेवता मेटाडेटा म्हणून, म्हणजे प्रणालीतील वेगळी नोंद म्हणून, फाइलला जोडले जातात. प्रणालीच्या आत ही रचना मला पूर्णपणे पटते, कारण नाव स्थिर राहिल्याने दुवे तुटत नाहीत आणि सगळा इतिहास एकाच नोंदीखाली राहतो. परंतु फाइल डाउनलोड केली की मेटाडेटा मागेच राहतो. फोरमनच्या टॅबमध्ये एकाच नावाच्या दोन पीडीएफ होत्या, एवढाच फरक की दुसरीच्या शेवटी टॅबने आपणहून कंसात १ टाकला होता. ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे कडेच्या माहितीच्या चौकटीत, रिव्हिजन छापलेली असते हे खरे, पण शटरिंगवर उभे राहून माप वाचणारा माणूस एकाच पॅनेलवर झूम करतो आणि टायटल ब्लॉक पडद्याबाहेर जातो.

प्रणालीच्या कंपनीच्या मदत विभागाचे उत्तर एका ओळीचे होते: नामकरण मानकाप्रमाणेच आहे. ते खरेच आहे. पण डाउनलोड होताना पानावर रिव्हिजन, स्टेटस आणि तारीख यांचा ठळक शिक्का उमटवायला कोणतेही मानक मनाई करत नाही. पुढे पाठपुरावा केल्यावर कळले की ही सोय प्रणालीत आहे, मात्र वरच्या योजनेत आणि प्रत्येक वापरकर्त्यामागे वेगळे शुल्क भरून. ज्या गोष्टीवाचून चुकीचे बांधकाम होऊ शकते, ती जादा पैशांची सोय म्हणून विकणे मला अजिबात मान्य नाही. त्यातही साइटवरची बहुतेक माणसे फक्त ड्रॉइंग पाहतात. त्या प्रत्येकासाठी पूर्ण दर भरणे परवडत नाही.

एका बाबतीत मात्र माझे मत बदलले. सुरुवातीच्या महिन्यांत स्टेटसच्या पायऱ्यांचा मला वैताग येत असे. समन्वयासाठी एस१, केवळ माहितीसाठी एस२, अभिप्रायासाठी एस३. एवढ्याशा बदलासाठी इतके टप्पे कशाला, असे वाटे. या ओपनिंगच्या वादात त्याच पायऱ्या उपयोगी पडल्या. पी०४ कधी शेअर झाले, कोणी तपासले, कोणी उघडले आणि कोणी उघडलेच नाही, हे सगळे नोंदींमध्ये वेळेसह होते. फोडकामाचे पैसे कोणाच्या बिलातून वळते करायचे, हे त्या बैठकीत आवाज न चढवता ठरले. ईमेलवर चालणाऱ्या कामांत असा वाद इतक्या स्वच्छपणे मिटलेला मी पाहिलेला नाही. शाखांमधील टकरींचे (एकाच जागी दोन शाखांचे घटक येण्याचे) मुद्दे बीसीएफ या छोट्या फाइल-प्रकाराने पाठवण्याची सोयही मनापासून आवडली: अवजड मॉडेल न पाठवता त्या जागेचे नेमके दृश्य आणि घटकाची ओळख समोरच्याकडे पोहोचते, मग त्याचे सॉफ्टवेअर कोणतेही असो. शोधही चांगला चालतो.

सध्या साइटसाठी डाउनलोड बंद ठेवून ड्रॉइंग थेट प्रणालीतच पाहण्याचा नियम केला आहे. तळघरात नेटवर्क नसल्याने तिथे तो पाळता येत नाही. तिथे ड्रॉइंग ऑफिस रिव्हिजनचा रबरी शिक्का मारलेली छापील प्रत देते आणि जुनी परत घेतल्याशिवाय नवी देत नाही. प्रणालीने करायचे काम माणसांनी करावे लागते, हे खटकतेच.

नूतनीकरणाआधी कंपनीकडे दोन मागण्या लेखी कळवल्या आहेत. डाउनलोडवरचा शिक्का मूळ योजनेत असावा, आणि प्रकल्प संपल्यावर मिळणाऱ्या निर्यातीत प्रत्येक फाइलसोबत रिव्हिजन, स्टेटस व मंजुरीची नोंद तक्त्याच्या रूपात यावी. चाचणी म्हणून मागवलेल्या निर्यातीत फोल्डर नीट होते, पण हे रकानेच नव्हते, आणि इमारतीची देखभाल करणाऱ्यांना पुढे तेच लागणार आहेत. दोन्ही मान्य झाल्यास पूर्ण वर्षाची वर्गणी भरू, अन्यथा इमारतीच्या हस्तांतरणापर्यंत पुरेल एवढीच मुदत घेऊ.