‘लाइफटाइम ओरिजिनल’ विंडोज आणि माझा ‘जळलेला’ इंटरफेस

गेल्या वर्षी माझ्या रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकून देतो म्हणून एका टेक्निशियननं मला फसवलं. पैसे गेले ते गेलेच, पण उत्तम चालणारा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा, ‘जळलाय’ म्हणून त्यानं सांगितलं आणि मी तो मुकाट्यानं त्याच्या हवाली केला. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या बऱ्याच जणांकडे अशीच जुनी मशीन आहेत, म्हणून जे झालं ते तपशिलात लिहिते आहे.

माझ्या मशीनमध्ये तिसऱ्या पिढीचा आय७ आहे, २०१२ सालचा. विंडोज १० प्रो, सोळा जीबी रॅम आणि फायरवायरवर (यूएसबीसारखीच एक जुनी जोडणी) चालणारा आठ इनपुटचा इंटरफेस. गाणं आणि पुस्तकवाचन रेकॉर्ड करायला हे पुरून उरतं. इंटरनेटची वायर मी एरवी काढूनच ठेवते. रेकॉर्डिंग चालू असताना मागून अपडेट सुरू झालेलं मला चालत नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, असं जिकडेतिकडे दिसायला लागलं आणि मी घाबरले. वर्षानुवर्षांची रेकॉर्डिंग त्या मशीनमध्ये होती. मायक्रोसॉफ्टचं तपासणीचं प्रोग्रॅम चालवलं तर ‘हा पीसी चालणार नाही’ असं उत्तर आलं. ते बरोबरच होतं. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. माझ्याकडे दोन्ही नाही. टेक्निशियनला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मॅडम, ती अट कंपनीनं आता काढली. मी ओरिजिनल टाकून देतो, लाइफटाइम लायसन्ससकट.” अट काढलेली नव्हती. ती तपासणी चुकवून विंडोज ११ बसवता येतं, तसं त्यानं बसवलं. अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. हे त्यानं मला आधी सांगितलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं.

पावती मागितली तर म्हणाला, “लायसन्सची पावती नसते, ते डिजिटल असतं.” हे वाक्य कुणाच्याही तोंडून ऐकलंत तर मशीन उचला आणि घरी या.

त्यानं सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला. रेकॉर्डिंग डी ड्राइव्हवर होती, ती वाचली. पण प्लगइनची, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमची, काही लायसन्स त्या मशीनवर नोंदलेली होती आणि फॉरमॅटच्या आधी ती तिथून मोकळी करायला हवी होती. पहिलाच प्रोजेक्ट उघडला तर न सापडणाऱ्या प्लगइनची लांबच लांब यादी समोर आली. त्यातली बहुतेक लायसन्स कंपन्यांना ईमेल करून परत मिळाली, पण त्यात तीन आठवडे गेले. यात फसवणूक नव्हती, निष्काळजीपणा होता. तरी सांगते, मशीन कुणाच्याही हातात देण्याआधी प्रत्येक लायसन्स स्वतः डीअॅक्टिव्हेट करून घ्या.

खरी गोष्ट पुढे आहे. हेडफोन लावला, गायला सुरुवात केली आणि आवाजात चरचर यायला लागली. जणू कुणीतरी माइकसमोर प्लास्टिकची पिशवी चुरगाळतंय. माझा बफर, म्हणजे आवाज पुढे जाण्याआधी क्षणभर जिथे साठतो ती जागा, नेहमी १२८ सँपलवर असतो. ४४.१ किलोहर्ट्झला त्याचा उशीर तीन मिलिसेकंदांहून कमी, गाताना कळतही नाही. टेक्निशियननं येऊन तो १०२४ केला आणि म्हणाला, “आता बघा, एकदम स्वच्छ.” चरचर गेली खरी. पण १०२४ म्हणजे एका बाजूनंच सुमारे २३ मिलिसेकंद, आणि आवाज जाऊन परत कानात यायचा म्हणजे त्याच्या दुपटीच्या आसपास. स्वतःचाच आवाज मागून येऊ लागला की सूर धरता येत नाही, लय तर हातातून सुटतेच. आठवड्याभरात इंटरफेस मध्येच गायब व्हायला लागला. टेक्निशियन परत आला, दोन मिनिटं वायर हलवून पाहिली आणि म्हणाला, “हा आतून जळलाय. फायरवायर आता मेलं. यूएसबीचा नवा देतो, हा भंगारात लावतो.”

आठ इनपुट देऊन मी दोन इनपुटचा नवा डबा विकत घेतला, तोही त्याच्याचकडून.

इंटरफेस जळलेला नव्हता. फायरवायरचा जुना ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती जोडणी वापरू देणारं प्रोग्रॅम, नव्या विंडोजसोबत येत नाही. मायक्रोसॉफ्टनं तो ८.१ आणि १० साठी वेगळा डाउनलोड म्हणून दिला होता. तो बसवून डिव्हाइस मॅनेजरमध्ये फायरवायर कार्डापुढे ‘लेगसी’ असं लिहिलेला ड्रायव्हर हातानं निवडावा लागतो. कित्येक जुने इंटरफेस त्याच्याशिवाय धड चालत नाहीत. माझ्या विंडोज १० वर तो होता, फॉरमॅटमध्ये पुसला गेला. इतकंच कारण. ज्याला फायरवायर मेलंय हे माहीत आहे, त्याला हेही माहीत असणारच.

मॅक वापरणाऱ्यांनीही आपण यातून सुटलो असं समजू नये. २०१९ च्या कॅटालिना या मॅकच्या आवृत्तीनं ३२ बिटचे सगळे प्लगइन एका फटक्यात बंद पाडले आणि २०२५ च्या टाहोमधून फायरवायरच काढून टाकलं. तिथेही अपग्रेडनंतर वस्तू अचानक ‘मरते’, आणि ती स्वस्तात उचलायला कुणीतरी तयारच असतं.

हे सगळं मला सहा महिन्यांनी उमगलं, तेही योगायोगानं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘विंडोज अॅक्टिव्हेट करा’ अशी फिकट अक्षरं दिसायला लागली. लाइफटाइम लायसन्स अॅक्टिव्हेट कशाला करायला हवं? ध्वनिमुद्रणाचं काम करणाऱ्या एका मित्राला फोन केला. त्यानं फोनवरूनच रनच्या खिडकीत ‘विनव्हर’ टाइप करायला सांगितलं. माझ्याकडे होती प्रो आवृत्ती, पडद्यावर लिहिलेलं होतं एंटरप्राइझ. मग त्यानं एस-एल-एम-जी-आर, एक जागा सोडून स्लॅश आणि डी-एल-व्ही अशी आज्ञा द्यायला लावली. उघडलेल्या खिडकीत ‘व्हॉल्यूम’ आणि ‘केएमएस क्लायंट’ असे शब्द होते, खाली एका अनोळखी सर्व्हरचं नाव.

केएमएस ही मोठ्या संस्थांना आपल्या सगळ्या कॉम्प्युटरवरचं विंडोज अॅक्टिव्हेट करता यावं म्हणून केलेली सोय आहे. किमान २५ कॉम्प्युटर असल्याशिवाय असा सर्व्हर विंडोज अॅक्टिव्हेट करतच नाही. एकदा मिळालेलं अॅक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं आणि मधल्या काळात मशीन सर्व्हरशी बोलून ते वाढवून घेतं. टेक्निशियननं माझं मशीन इंटरनेटवरच्या कुठल्यातरी चोरीच्या सर्व्हरला जोडून ठेवलं होतं. नेट चालू असतं तर ते गुपचूप वाढत राहिलं असतं आणि मला कधीच कळलं नसतं. वायर काढलेली असल्यामुळे १८० दिवस भरले आणि पितळ उघडं पडलं. तुमच्याकडे शंका असेल तर त्याच आज्ञेत डी-एल-व्हीच्या जागी एक्स-पी-आर लिहा. खऱ्या लायसन्सवर ‘कायमचं अॅक्टिव्हेट’ असं उत्तर येतं. तारीख दिसली आणि मशीन एखाद्या संस्थेचं नसेल, तर तुमच्याही बाबतीत बहुधा हेच झालंय.

मित्रानं त्याच दिवशी आणखी दोन गोष्टी बघायला लावल्या. अँटिव्हायरसच्या ‘वगळा’ यादीत अख्खा सी ड्राइव्ह होता. म्हणजे तिथे काहीही येऊन बसलं तरी तपासणीच होणार नाही. आणि लांबून मशीनचा ताबा घेण्याचं एक प्रोग्रॅम होतं, कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणारं, पासवर्ड टेक्निशियनचा. पहिल्या आठवड्यात लायसन्ससाठी मी नेट जोडलं होतं. तेव्हा त्यातून कुणी काही पाहिलं का, हे मला कधीच कळणार नाही. ईमेल आणि बँकेचे सगळे पासवर्ड मी त्याच रात्री दुसऱ्या मशीनवरून बदलले.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. माझं विंडोज १० प्रो खरं होतं. त्याचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डाशी जोडलेलं होतं आणि आजही आहे. म्हणजे जे माझ्याकडे होतंच, ते पुसून त्यानं मला चोरीचं विकलं.

दुसऱ्या दिवशी मी टेक्निशियनकडे गेले. इंटरफेसच्या तिसऱ्या इनपुटचा गेनचा नॉब फिरवताना खरखरायचा, म्हणून त्यावर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. टेबलावर त्याच्याच एका जुन्या कॉम्प्युटरला तोच इंटरफेस जोडलेला होता आणि त्यातून गाणं वाजत होतं. ठिपका खरवडलेला, पण नॉबच्या खाचेत लाल रेघ राहिलेली. मी म्हटलं, “हा माझा.” तो म्हणाला, “नाही ताई, असे पुष्कळ येतात.” एवढ्यात ‘मॅडम’ची ‘ताई’ झाली होती. माझ्या फोनमध्ये जुन्या बिलाचा फोटो होता, त्यावर सीरियल नंबर. इंटरफेस उलटा करून मी एकेक आकडा मोठ्यानं वाचला. दुकानात आणखी दोन माणसं उभी होती. त्यानं काही न बोलता वायर काढली आणि डबा माझ्यासमोर ठेवला. लायसन्सचे पैसे मात्र दिले नाहीत. पावतीच नव्हती, मी कशाच्या जोरावर मागणार?

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज १० चा पेनड्राइव्ह मित्रानं स्वतःच्या मशीनवर करून दिला. सी ड्राइव्ह पुन्हा साफ केला. लायसन्सची की विचारली तेव्हा ‘माझ्याकडे की नाही’ निवडलं, आवृत्ती प्रो घेतली आणि नेट जोडल्यावर दोन मिनिटांत ते आपोआप अॅक्टिव्हेट झालं. आज्ञा देऊन पाहिली, उत्तर आलं, कायमचं. विंडोज १० साठी घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेटची १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ जाहीर झालेली आहे, तीत नाव नोंदवलं आणि वायर काढून ठेवली. मग फायरवायरचा लेगसी ड्रायव्हर बसवला. बफर १२८ वर आणला आणि सलग चाळीस मिनिटं वाचन रेकॉर्ड केलं. नंतर हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. एकदाही चरचर नव्हती.

नवा यूएसबी इंटरफेस टेक्निशियननं परत घेतला नाही. तो खोक्यात आहे. त्याचंही बिल त्यानं दिलेलं नाही.