बोर्ड कर्नाटक, माध्यम मराठी, फोन दोन: वर्षभर वापरलेल्या अ‍ॅपांचा अनुभव

आधी घरात कोण काय शिकत होतं ते सांगते. थोरली दहावीला, मराठी माध्यम. धाकटा पाचवीला, इंग्रजी माध्यम. वरच्या मजल्यावर जाऊबाईंची मुलगी आठवीला, तीही मराठी. घर बेळगावात वडगावला. जून २०२० पासून थोरलीची दहावी संपेपर्यंत, म्हणजे जुलै २०२१ पर्यंत, तिघांच्या शाळा आमच्याच घरात भरल्या. फोन दोन. त्यातला बरा यजमानांचा, तो सकाळीच त्यांच्याबरोबर उद्यमबागला फाउंड्रीत जायचा. घरी राहायचा तो माझा, १६ जीबीचा, त्यातही निम्मी जागा गिऱ्हाइकांच्या ब्लाउजच्या फोटोंनी भरलेली.

सगळ्यात जास्त चाललं ते व्हॉट्सअ‍ॅप. ते काही शिकवण्यासाठी बनलेलं नाही, तरी पहिला नंबर त्याचाच. थोरलीच्या गणिताच्या सरांनी सुरुवातीलाच ओळखलं की निम्म्या मुलांच्या हातात दिवसा फोन नसतो. ते फळ्यावर गणित सोडवून फोटो टाकायचे आणि खाली दोन-तीन मिनिटांचा आवाज. रात्री वडील घरी आले की मुलं ऐकायची, अडलं की पुन्हा ऐकायची. नेट कमी लागतं आणि वेळेचं बंधन नाही. फक्त फोटो-व्हिडिओ आपोआप उतरायचं सेटिंग पहिल्याच दिवशी बंद करा, नाहीतर सगळ्या वर्गाच्या वह्यांचे फोटो आपल्या फोनात येऊन बसतात. वरून येणारी परिपत्रकं कन्नडमधून असायची आणि तशीच्या तशी ग्रुपवर पडायची. मला कन्नड बोलता येतं, पण सरकारी कन्नड वाचायला घेतलं की दुसऱ्या ओळीतच दम लागतो. शेजारच्या अक्का दारात उभ्या राहून वाचून दाखवायच्या. “काही नाही हो, परत तारीख पुढं ढकलली,” एवढंच बहुतेक वेळा निघायचं.

गूगल मीट आणि क्लासरूमबद्दल तक्रार नाही, पण एका फोनवर तीन मुलं असली की खातं कुणाचं हा प्रश्न रोजचा. धाकट्याच्या वर्गात थोरलीच्या नावानं शिरलं की टीचर आत घेत नाहीत, आणि घेतलंच तर हजेरी भलत्याच नावावर. प्रत्येकाचं वेगळं खातं काढा आणि खात्याच्या चित्राला वेगळा रंग द्या; पाचवीतल्या पोरालाही रंग बघून बदलता येतं. झूमवर फुकटात चाळीस मिनिटांचा वर्ग. मध्येच बंद पडला की दुसरी लिंक येईपर्यंत मुलांना मोकळीक, त्यामुळं ते मुलांचं सगळ्यात आवडतं.

धाकट्याचं आधी बंदच होतं. पाचवीपर्यंतच्या ऑनलाइन वर्गांना सरकारनं जूनमध्ये मनाई केली होती. जुलैत हायकोर्टानं तिला स्थगिती दिली आणि लगेच शाळेचं स्वतःचं अ‍ॅप आलं. अभ्यास एकीकडे, हजेरी दुसरीकडे, आणि वर्ग भरणार तो पुन्हा मीटवरच. अपडेट मागायचं ते नेमकं सकाळी, आणि फोनात जागा नसली की उघडायचंच नाही. फीची आठवण मात्र कधी चुकली नाही.

आता थोरलीचं, कारण खरी अडचण तिथं होती. आपल्या भागातल्या मराठी माध्यमाच्या पोरांना कुठल्याही अ‍ॅपनं विचारलं, “राज्य कोणतं?” की अडायला होतं. ट्यूशनच्या एका मोठ्या अ‍ॅपचा माणूस घरी आला होता, टॅब्लेट हप्त्यावर द्यायला तयार. मी म्हटलं, बोर्ड कर्नाटक, माध्यम मराठी. त्यानं यादी वर-खाली केली आणि म्हणाला, “मॅडम, मराठी पाहिजे तर महाराष्ट्र बोर्ड टाकूया की.” त्याला चहा देऊन वाटेला लावलं.

टीव्हीचंही तसंच. जुलै २०२० मध्ये कर्नाटकानं दूरदर्शनच्या चंदना या कन्नड वाहिनीवर आठवी ते दहावीसाठी ‘संवेद’ सुरू केलं. अभ्यासक्रम आमचा, बोलणं कन्नड. त्याच सुमारास सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ लागायला लागली, पहिली ते आठवीसाठी. बोलणं आमचं, अभ्यासक्रम महाराष्ट्राचा. जाऊबाईंची मुलगी दोन्ही बघायची. टीव्हीला फोन लागत नाही, रिचार्ज लागत नाही, ही केवढी सोय! चंदनामुळं तिचं कन्नड मात्र खरंच सुधारलं, ते शिकवणीनं झालं नव्हतं.

थोरलीसाठी आम्ही विषयवार वाटणी केली. ज्यांची मुलं आता दहावीला आहेत त्यांनी एवढं तरी वाचा. कर्नाटकाची दहावीची गणित-विज्ञानाची पुस्तकं केंद्राच्या एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या धर्तीवर आहेत. महाराष्ट्रात गणित दोन भागांत, विज्ञानही दोन भागांत. तिकडच्या शिक्षकांचे यूट्यूबवरचे मराठी व्हिडिओ आपल्याला चालतात, फक्त शोधायचे कुठं ते कळायला हवं. अंकगणिती श्रेढी आणि वर्गसमीकरणं भाग एकमध्ये, त्रिकोणमिती भाग दोनमध्ये. विज्ञानात गंमत आहे. आपल्या पुस्तकात आरसे, अपवर्तन, भिंगं सगळं प्रकाशाच्या एकाच धड्यात. महाराष्ट्रात परावर्तन नववीला होऊन जातं. दहावीला अपवर्तनाचा एक धडा आणि भिंगांचा वेगळा. ओहमचा नियमसुद्धा तिकडं नववीत. तेव्हा ‘दहावी’ टाकून सापडलं नाही की ‘नववी’ टाकून बघा. समाजविज्ञानाला मात्र तिकडचं काही उपयोगाचं नाही. आपला इतिहास युरोपियनांच्या आगमनापासून सुरू होतो, त्यांचा इतिहास-राज्यशास्त्राचा धागाच निराळा. तिथं पुस्तक आणि बाईंच्या नोट्स, दुसरा उपाय नाही.

पुस्तक हाताशी नसलं तर कर्नाटकाच्या पाठ्यपुस्तक संघाच्या साइटवर मराठी माध्यमाची पीडीएफ फुकट मिळतात. सरकारचं दीक्षा हे अभ्यासाचं अ‍ॅप उघडलं की बोर्ड-माध्यम निवडत बसण्यापेक्षा पुस्तकातला क्यूआर कोड थेट स्कॅन करावा, म्हणजे त्याच धड्यावर जातं. मी पीडीएफमधली हवी तेवढी पानं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणायची. फोन उद्यमबागला गेला तरी कागद घरी राहतो.

या सगळ्यांना एकत्र बांधणारं अ‍ॅप काही मिळालं नाही. ते काम कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूनं केलं: वेळ, मूल, अ‍ॅप, खातं, फोन. रविवारी रात्री भरायचं, लिंक बदलली की खोडायचं. प्रत्येक अ‍ॅप आपापल्या जागी ठीक असतं हो, पण एकातून दुसऱ्यात जाताना जो वेळ जातो तो कुणाच्या वेळापत्रकात नसतो, आईच्या शिवणकामातून वजा होतो. ऐन दिवाळीत गिऱ्हाइकं परत गेली ती याच्यामुळं.

माहेरी, जांबोटीच्या बाजूला, असल्या तुलनेचा प्रश्नच नव्हता. पावसाळ्यात वीज गेली की टॉवरही जातो. भाच्याला ऑगस्टपासून सरकारच्या ‘विद्यागम’ योजनेत देवळाच्या ओवरीत बसवून गुरुजी शिकवायचे, आणि तो आमच्या तिघांपेक्षा खूश होता. ऑक्टोबरात संसर्गाच्या बातम्यांमुळं सरकारनं तेही थांबवलं. मग फोन घेऊन चढावर जायचं, रेंज सापडेपर्यंत.

थोरलीची दहावीची परीक्षा शेवटी १९ आणि २२ जुलैला झाली. एका दिवशी गणित, विज्ञान, समाजविज्ञान. दुसऱ्या दिवशी तिन्ही भाषा. प्रत्येक विषयाला चाळीस प्रश्न, उत्तराचा पर्याय निवडून ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोल काळे करायचे. वर्षभर लांबलचक उत्तरं लिहून फोटो पाठवलेल्या पोरीला हे विचित्रच वाटलं, पण शेवटच्या महिन्यात सरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर रोज बहुपर्यायी प्रश्न टाकले होते, तेच कामाला आले.

आता माझ्या फोनात व्हॉट्सअ‍ॅप, मीट आणि दीक्षा ठेवलंय, बाकी काढून टाकलं. धाकट्याच्या शाळेचं अ‍ॅप काढता येत नाही, फी त्यातूनच भरावी लागते. जाऊबाईंची मुलगी नववीला गेलीय. तिच्यासाठी कुणाकडं महाराष्ट्राची नववीची आणि दहावीची विज्ञानाची जुनी पुस्तकं असतील तर सांगा, वडगाव-शहापूर भागात कुठूनही येऊन घेऊन जाईन.