हेडलाइट मिणमिणायचे थांबले: गाडीचं वायरिंग बदलून आठ महिने

ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं की टोलागणिक हेडलाइट मंद व्हायचे. गेल्या ऑक्टोबरात रात्री खंबाटकी घाट चढताना रस्त्यावरचा उजेड इतका लुकलुकायला लागला की बायको म्हणाली, "अहो, आधी ते बंद करा!" तिचं बरोबरच होतं.

गाडी २०१५ची डिझेल हॅचबॅक. डिक्कीत १२ इंची सबवूफर आणि ६०० वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणाऱ्या ताकदीचा) मोनो अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे अ‍ॅम्प. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा: कपॅसिटर (क्षणभरापुरती वीज साठवणारा डबा) लाव, नाहीतर मोठी बॅटरी टाक. मी आधी मल्टिमीटर घेतला. इंजिन, एसी, हेडलाइट चालू ठेवून बेस वाजत असताना अल्टरनेटरवर (इंजिनच्या जोरावर वीज बनवणारा भाग) १४.१ व्होल्ट, बॅटरीवर १३.३ आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर फक्त ११.८. म्हणजे वीज तयार होत होती, ती वाटेत मरत होती.

हिशोब सोपा आहे. अ‍ॅम्पची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर ६०० वॉटसाठी ८०० वॉट ओढले जातात, म्हणजे १३.५ व्होल्टला जवळपास ६० अ‍ॅम्पियर. एवढ्या करंटला ०.०१ ओहमचा अडथळासुद्धा ०.६ व्होल्ट खातो.

मग डिक्कीतलं अर्थिंग, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला जोडलेली जागा, उघडलं. बोल्ट रंगावरच आवळलेला होता! पॉझिटिव्ह वायरचं टोक ब्लेडनं खरवडलं, तर तांबूस मुलाम्याखाली पांढरं ॲल्युमिनियम निघालं. दुकानदारानं 'प्युअर कॉपर' म्हणून दिलेली वायर. राग आला, पण त्या दिवसापासून एक सवय लागली: कोणतीही वायर खरवडून बघितल्याशिवाय घ्यायची नाही.

पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, ५० स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल मीटरवर घेतली. अल्टरनेटर ते बॅटरी पॉझिटिव्ह, बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी, इंजिन ते बॉडी, आणि बॅटरीपासून डिक्कीपर्यंत, सगळीकडे तीच. कंपनीच्या मूळ वायरी काढल्या नाहीत, नवीन त्यांच्या जोडीला टाकल्या. लग (वायरच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या कड्या) हायड्रॉलिक क्रिम्परनं दाबून घेतले. अर्थिंगच्या जागी रंग घासून पत्रा चकचकीत केला. अल्टरनेटरच्या नव्या वायरलाही स्वतंत्र फ्यूज आहे, आणि डिक्कीकडे जाणाऱ्या वायरचा १०० अ‍ॅम्पियरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. ह्यात कंजूषी करू नका. केबल कुठे घासून बॉडीला टेकली तर फ्यूजच गाडी वाचवतो. बॉनेटखाली केबलवर कॉन्ड्युट पाइप चढवला, कारण प्रत्येक वेल्डिंग केबलचं रबर तेल आणि उष्णतेसाठी बनवलेलं नसतं. सगळा खर्च साडेआठ हजार.

त्याच परिस्थितीत आता बॅटरीवर १३.८ आणि अ‍ॅम्पवर १३.५ मिळतात. हेडलाइट स्थिर. ढोलाचा टोल आधी नुसता धप्प व्हायचा. आता टोलानंतर चामड्याची थरथर वेगळी ऐकू येते. अ‍ॅम्पही पूर्वीइतका तापत नाही. अल्टरनेटर कंपनीचाच, ७५ अ‍ॅम्पियरचा. बेसचे धक्के क्षणाचे असल्यामुळे तेवढा पुरतो.

जूनमध्ये एकदा लुकलुक परत दिसली आणि पोटात गोळा आला. बॅटरीच्या ट्रेखालचा बॉडीचा नट सैल झाला होता, लगवर हिरवट पांढरी पूड साचलेली. ब्रशनं साफ केलं, आवळलं, वरून पेट्रोलियम जेली फासली. पुढच्या वर्षीपासून हे काम पावसाळ्याआधीच करणार.

इंजिन बंद ठेवून वाजवणाऱ्यांसाठी मात्र हे वायरिंग पुरेसं नाही. पानशेतला अर्धा तास असंच वाजवलं, तर बॅटरी १२.१ पर्यंत उतरली. तुमचा वापर तसा असेल तर मोठी एजीएम (आत आम्ल शोषणाऱ्या काचतंतूंचे थर असलेली) बॅटरी लागेलच. आणि नव्या गाडीत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट सेन्सर असेल, तर जादा अर्थ थेट त्या टर्मिनलला लावू नका. सेन्सरच्या पलीकडे, बॉडीला लावा. नाहीतर गाडीच्या कॉम्प्युटरला तो करंट दिसतच नाही आणि चार्जिंगचं गणित चुकतं.